चौतीस नंबरची टाच

इंदिरानगरात एका पिठाच्या गिरणीच्या वर कचेरी होती. खाली दळणाची घरघर, वर अकरा कॉम्प्युटर, आणि त्यांच्यासमोर बसलेली बी.ए., बी.कॉम. झालेली पोरं-पोरी शनिवारी सकाळपासून अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचा फुटबॉल बघत. त्याचा पगारही मिळतो हे कळल्यावर शेजारच्या सोसायटीतल्या बायका म्हणत, आमच्याकडचे इतकी वर्षं फुकट क्रिकेट बघताहेत, त्यांनाही घ्या की चिकटवून. ही गोष्ट २००६ सालची. तेव्हा नाशिकमध्ये कोण काय काम करतं हे विचारायची सोय राहिली नव्हती, सांगितलं तरी घरच्यांना कळायचं नाही.

मैना आगिवले त्यांच्यातलीच एक. घोटीच्या पलीकडे डोंगराला चिकटलेल्या वाडीवरची, ठाकराची पोर. आश्रमशाळा, मग नाशिकचं वसतिगृह, मग बी.ए. वाडीवरून नाशिकला शिकायला आलेली ती पहिलीच मुलगी, आणि वाडीवर या गोष्टीचं कौतुक जेवढं होतं त्याहून जास्त संशय होता.

कचेरी रोहित सरांची. ते चार वर्षं अमेरिकेत शिकून आले होते आणि येताना तिथल्या एका गावातल्या शाळेच्या कोचची ओळख घेऊन आले होते. कोच डॉयल त्याचं नाव. या कोचमुळे आणखी सहा-सात शाळांचं काम मिळालं. शुक्रवारी संध्याकाळी तिकडे सामने होत, शनिवारी सकाळी त्यांच्या व्हिडिओ-फिती इंटरनेटवरून इकडे येत, आणि रविवारपर्यंत सगळा हिशेब कोचच्या हातात पडायचा. हिशेब कसला, तर मुलं कशी उभी होती त्याचा.

या खेळाचं नाव फुटबॉल, पण चेंडूला पाय लागतो क्वचित. चेंडूही धड गोल नाही, दोन्हीकडून निमुळता. एका बाजूला अकरा जण. त्यांतले सात पुढे ओळीत वाकून बसतात, आणि चार मागे. खरी गंमत त्या मागच्या चौघांची. त्यांतला क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो आणि पुढे काय करायचं ते ठरवतो. बाकीचे कसे उभे आहेत त्यावरून रचनेला नाव. दोघे क्वार्टरबॅकच्या मागे एकामागे एक उभे राहिले की ती ‘आय’, दोघे शेजारी-शेजारी राहिले तर ती फुटलेली रचना, आणि क्वार्टरबॅक स्वतःच पाच पावलं मागे जाऊन उभा राहिला तर ती ‘शॉटगन’. चेंडू हलायच्या आधीच्या क्षणी फीत थांबवायची, चौघं कुठे आहेत ते बघायचं, रचना डावीकडे झुकलीय की उजवीकडे ते बघायचं आणि कोड भरायचा. एका सामन्यात सव्वाशे वेळा. आशा मॅडम, म्हणजे या सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या बाई, नव्या पोरांना हे चहाचे कप टेबलावर मांडून शिकवत, आणि शिकवणी संपेपर्यंत चहा गार होई.

मैनाला ‘आय’ मनापासून आवडायची. त्यात क्वार्टरबॅकच्या मागे जो पहिला उभा असतो तो फुलबॅक, आणि त्याच्या मागचा टेलबॅक. टेलबॅक चेंडू घेऊन पळतो, गुण करतो, पोरी त्याच्यासाठी ओरडतात. फुलबॅकचं काम एवढंच, की त्याच्या आधी पळत जायचं आणि वाटेत जो येईल त्याला अंगावर घ्यायचं. वाट मोकळी झाली की मागचा निघून जातो, आणि हा मातीत पालथा पडलेला असतो. पुढे दोन-तीन वर्षांत सगळ्या शाळा शॉटगनच्या मागे लागल्या आणि फुलबॅक ही जातच विरळ झाली. पण कोच डॉयल जुन्या मताचा माणूस, त्याच्याकडे तेव्हा फुलबॅक होता. चौतीस नंबरचा, बुटका, जाड मानेचा.

आता मैनाची चूक. ती तिच्याशिवाय त्या कचेरीत दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

सहा महिन्यांच्या उमेदवारीवर ती जूनमध्ये लागली. सप्टेंबरात कोच डॉयलसमोर एक तगडा संघ येणार होता. तिकडे रिवाज असा, की सामन्याआधी दोन्ही शाळा आपापल्या फिती एकमेकांना देतात. त्या तगड्या संघाच्या तीन फिती मैनाने एकटीने केल्या. तिच्या हिशेबाने त्या संघाची रचना बहुतेक वेळा उजवीकडे झुकायची. कोचने आपले दांडगे गडी त्याप्रमाणे उभे केले. ते संध्याकाळभर एका अंगाला उभे राहिले आणि समोरचा संघ दुसऱ्या अंगाने खुशाल निघून गेला. बेचाळीस-सहा. सोमवारी इंटरनेटवरून कोचचं पत्र आलं. पहिल्या ओळीत हवापाण्याची चौकशी होती, दुसऱ्या ओळीत एवढंच की तुमच्या माणसाने तिन्ही फितींत डावं ते उजवं आणि उजवं ते डावं लिहिलं आहे.

आशा मॅडमनी मैनाला उभं केलं. “उजवा हात दाखव.” तिने बरोबर दाखवला. “या फितीत ही रांग कुठे चाललीय?” मैनाने खिडकीकडे बोट केलं. “मग तू आता त्या रांगेत उभी राहा.”

मैना उभी राहिली. खिडकीकडे पाठ करून.

सगळी कचेरी हसली. मैनाला कळेना, हसण्यासारखं काय झालं. आशा मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तू अशी का उभी राहिलीस?”

“आवणीला असंच असतं ना मॅडम,” मैना म्हणाली.

आवणी म्हणजे भाताची रोपं चिखलात लावणं. दहा-बारा बायका वाकून एका रांगेत लावत जातात आणि लावतालावता एकेक पाऊल मागे सरकतात, कारण पुढे गेलं तर लावलेलं तुडवलं जाईल. रांग जिकडे जायची तिकडे पाठ. मैना चार-पाच वर्षांची असल्यापासून आषाढात त्या रांगेत होती. आश्रमशाळेला सुट्टी नसली तरी आवणीला घरी पळून यायची. कॉलेजात असतानाही चार दिवस जायची. रांग म्हटली की जायच्या दिशेला पाठ, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की डोकं काय शिकलं ते अंगाने ऐकलंच नाही. फितीत माणसं मुंगीएवढी दिसायची, तोंड कुठे आणि पाठ कुठे ते धड दिसत नव्हतं, आणि त्यात तो क्वार्टरबॅक चेंडू हातात आला की खरंच चार पावलं मागे सरकायचा. मैनाला वाटलं, बरोबर आहे. पाठीलाच तोंड समजलं, की डावं-उजवंही उलटं झालं.

आशा मॅडमनी हे रोहित सरांना समजावून सांगितलं. रोहित सर वाईट माणूस नव्हते, पण कोच गेला तर कचेरीला कुलूप लागणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मैनाला सांगितलं, डिसेंबरपर्यंत बघू. आणखी एक चूक झाली तर मात्र मला इलाज नाही.

मैनाला त्याचा अर्थ नीट कळला. वसतिगृह बी.ए. झाल्याबरोबर सुटलेलं, पाथर्डी फाट्यावर दोन मुलींबरोबर ती खोली घेऊन राहत होती. काम गेलं तर खोली गेली, आणि खोली गेली की वाडी. एकदा वाडीवर परतलेली पोर पुन्हा नाशिकला येते असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आईने तर स्थळंही हेरून ठेवली होती.

परक्या संघांच्या फिती तिच्याकडून काढून घेतल्या. तिला कोचच्या स्वतःच्या संघाच्या फिती दिल्या, कारण चूक झालीच तरी स्वतःचं डावं-उजवं कोचला कळणार होतं. कोचनेही शहाणपण करून आता दुसरी फीत पाठवायला सुरुवात केली. ती मैदानाच्या टोकावरून, संघाच्या पाठीमागून घेतलेली. तिच्यात पाठी दिसायच्या, मोठ्या, स्वच्छ. चौतीस नंबर तीन टेकूंवर बसायचा, दोन पाय आणि एक हात, आणि त्याच्या चिखलाने माखलेल्या बुटांचे तळवे थेट बघणाऱ्याच्या तोंडासमोर यायचे.

तो संघ हरत होता. लागोपाठ तीन सामने. मैना सव्वाशे वेळा फीत थांबवायची, तीन-तीनदा तपासायची, आणि प्रत्येक वेळी दिसायचं की चौतीस नंबर निघायच्या आधीच समोरचे दोघे त्याच्या वाटेत येऊन उभे आहेत. यांना आधी कसं कळतं, असं तिच्याही मनात यायचं. पण तिचं काम कोड भरायचं होतं.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी कुसाबाई आली.

कुसाबाई मैनाची थोरली बहीण, चार वर्षांनी मोठी. १९९१ साली बाप झाडावरून पडून गेला तेव्हा दोघी आश्रमशाळेत होत्या. कुसा चौथीत, मैना नुकतीच पहिलीत. घरी आई आणि रांगता भाऊ. कुणीतरी घरी परतायला हवं होतं. गुरुजी म्हणाले, कुसा हुशार आहे, तिला राहू द्या, धाकटीला न्या. कुसाने दप्तर गुरुजींच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, मैनी ल्हान हाय, तिला कामाचं काय जमनार. दहा वर्षांची पोर. त्या दिवसापासून ती बायकांच्या टोळीबरोबर आवणीला, कापणीला, दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाच्या छाटणीला. पुढे मैना दहावी झाली, मामाने स्थळ आणलं, चार माणसं बैलगाडीतून दारात उतरली. तेव्हा लग्न होऊन सासरी गेलेली कुसा खास आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, पोरीची अजून एक परीक्षा हाय, पाणी घ्या आन् माघारी जा. मामाने वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं. तिने ते मनावर घेतलं नाही.

हे सगळं मैनाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं. त्यांच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नसे. मानले असते तर समोरच्याला वाटलं असतं, हिला परकं मानायचंय.

त्या दिवशी कुसाची टोळी छाटणीला निघाली होती. जीप नाशिकहून तीनला सुटणार, तोवर दोन तास मोकळे. ती विचारत विचारत इंदिरानगरात पोचली, खाली गिरणीवाल्याला विचारून वर आली. दुपारच्या जेवणाची वेळ. बाकी सगळे गच्चीत डबे खात होते, मैना जेवण टाळून फीत तपासत बसली होती. कुसा फडक्यात नागलीची भाकर आणि लसणाची चटणी घेऊन आली होती. मैना म्हणाली, बस जरा, एवढं संपवते. कुसा खुर्चीवर बसली नाही. मैनाच्या पायाशी, भिंतीला टेकून खाली बसली आणि भाकर सोडून बघायला लागली.

“ही पोरं कुठली?”

“अमेरिकेची.”

“लय धडधाकट हायत.” जरा वेळाने म्हणाली, “आन् हा मधला? ह्याच्या हातात काय देत नायत का?”

“नाही आक्का. हा आधी पळतो आणि समोरच्याला धडकतो. मागचा चेंडू घेऊन निघतो.”

“मंग ह्याला काय मिळतं?”

“काही नाही.”

कुसाने भाकरीचा तुकडा मोडला. मैनाने पुढचा डाव लावला, थांबवला, कोड भरला. फीत सोडायच्या आधी कुसा हात करून म्हणाली, “आता हिकडं जाईल.” चौतीस नंबर तिकडेच गेला. पुढच्या डावाला म्हणाली, “आता त्या अंगाला.” गेला. तिसऱ्याला म्हणाली, “आता कुठं जात नाय हा.” आणि चौतीस नंबर जागेवरच उभा राहून क्वार्टरबॅकला राखत बसला. मैनाने मागे वळून पाहिलं. कुसा शांतपणे चटणी लावत होती. तिने सलग नऊ वेळा बरोबर सांगितलं.

“तुला कसं कळतंय?”

“त्याची टाच बघ की. ज्या अंगाला पळायचं त्याच्या उलट्या पायाची टाच उचलतो. कुठं जायचं नसलं तर दोन्ही टाचा भुईला. बिचारा आधीच सांगून टाकतोय.”

आवणीत दिवसभर वाकलेल्या बाईला शेजारणीचं तोंड दिसत नाही, पाय दिसतात. कोण आता मागे सरकणार, कोण दमली, कोण रांग मोडणार, हे पायांवरून ओळखायचं. कुसा पंधरा वर्षं रांगेच्या कडेला असायची, सगळ्या रांगेचा वेग सांभाळणारी. मैनानेही तीच आवणी केली होती, पण दर साली चार दिवस. तिने आवणीतून आणली ती चूक, आणि कुसाने आणले ते डोळे.

कुसा जीपसाठी निघून गेली. मैनाने फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. चौतीस नंबरचे अठ्ठावन्न डाव होते, त्यांतल्या चौपन्नांत टाच खरं बोलत होती. शेऱ्याच्या रकान्यात कोडशिवाय काही लिहायचं नाही असा कचेरीचा दंडक होता. मैनाने तिथे टाचेबद्दल इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं आणि घाबरत घाबरत पाठवून दिलं.

पुढच्या शुक्रवारचा सामना कोच डॉयलने जिंकला. त्याच्या पुढचाही जिंकला. मग मंगळवारी पत्र आलं. रोहित सरांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. कोचने लिहिलं होतं, मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवतोय, आम्ही इथे चौघे प्रशिक्षक आहोत, आणि आमच्यातल्या एकालाही ही टाच दिसली नाही. आमच्या विरुद्ध खेळणाऱ्यांना मात्र दिसली होती. मुलाचं नाव कोडी. आपल्यामुळे संघ हरतो असं वाटून त्याने खेळ सोडायचं ठरवलं होतं, आता तो राहिला आहे. हे ज्याने पाहिलं त्याचं नाव मला कळवा, मला त्याचे आभार मानायचे आहेत.

रोहित सरांनी पेढे मागवले होते. मैनाला आजपासून कायम केलं असं ते म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आशा मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पेढा मैनाच्या हातात होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कामावर लागताना प्रत्येकाने एका कागदावर सही केली होती. या फिती शाळेच्या मुलांच्या आहेत, त्या बाहेरच्या माणसाला दाखवायच्या नाहीत, दाखवल्या तर त्याच दिवशी काम बंद. गप्प बसणं सोपं होतं. कुसा कुणालाही काही सांगणार नव्हती, तिला त्यात सांगण्यासारखं काही झालं असं वाटतही नव्हतं. मैनाच्या मनात आलं, की मी आजवर आक्काच्या वाटची शाळा खाल्ली, तिच्या वाटचं शहर खाल्लं. आता तिचे डोळेसुद्धा माझ्या नावावर लावून घेऊ का? आणि दुसरं मन म्हणत होतं, अगं, हे काम राहावं म्हणून तर तिने एवढं केलं, तेच घालवलंस तर तिला काय वाटेल. दोन्ही मनं खरी होती, हीच तर पंचाईत होती.

तिने पेढा टेबलावर ठेवला.

“सर, हे मी नाही पाहिलं. माझ्या बहिणीनं पाहिलं. ती जेवणाच्या सुट्टीत इथे बसली होती.”

टाळ्या वाजवणारे हात जिथल्या तिथे राहिले. रोहित सरांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. आशा मॅडम म्हणाल्या, “दार मी उघडं टाकून गेले होते जेवायला. चूक माझीही धरा.” सर म्हणाले, “मॅडम, चूक कुणाची हे नंतर. त्यांची मुलं आहेत ही, त्यांनी विश्वासाने दिल्यात फिती. मला हे कोचला कळवावं लागेल.” मग मैनाकडे न बघता म्हणाले, “उत्तर येईपर्यंत तू घरी थांब.”

तीन दिवस मैना पाथर्डी फाट्याच्या खोलीत होती. तिने कपडे धुतले, डबे घासले, ट्रंक आवरली. मैत्रिणींनी विचारलं, खरं सांगायची एवढी काय घाई होती. ती घासलेले डबे पुन्हा घासायला बसली. एक गोष्ट मात्र तिला सारखी जाणवत होती, की आयुष्यात पहिल्यांदा आपण आक्काच्या पुढे जाऊन उभ्या राहिलो आहोत.

शुक्रवारी आशा मॅडमचा निरोप आला, ये. ती गेली. रोहित सरांनी कोचचं उत्तर तिच्या हातात दिलं, तिनेच वाचलं. लहानसं होतं. नियम चांगला आहे, तो मोडू नका. त्या बाईंचीही त्याच कागदावर सही घ्या, म्हणजे त्या बाहेरच्या राहणार नाहीत. खरं सांगणाऱ्या मुलीला काढलंत तर मी काम दुसरीकडे देईन. आणि त्या बाईंना विचारा, आमच्या ओळीतला डावीकडचा दुसरा मुलगा काय करतोय. आमचा क्वार्टरबॅक त्याच्याच बाजूने सारखा पाडला जातोय.

रोहित सर म्हणाले, “मैना, मी तुला तीन दिवस बसवलं, त्याबद्दल मनात ठेवू नकोस.” मैना म्हणाली, “नाही सर. तुम्ही कोचला विचारलंत तरी. दुसऱ्या कुणी विचारलंही नसतं.” ती हे मनापासून म्हणाली.

त्याच दुपारी तिने एस.टी. पकडली आणि दिंडोरीच्या पुढे द्राक्षाच्या मळ्यावर गेली. कुसाबाई हातात कात्री घेऊन वेलाखाली उभी होती. एक दिवसाचा रोज बुडणार, टोळीत एक हात कमी होणार, म्हणून तिने आधी नाहीच म्हटलं. मग टोळीतल्या लताबाईने तिच्या हातातली कात्री काढून घेतली. म्हणाली, “जा बये, तुजी वेलांची वळ मी घेते. परदेशातनं निरोप आलाय, उद्या आमाला काय वळख देशील.”

शनिवारी सकाळी कुसाबाई कचेरीत आली. नवं लुगडं नेसली होती, पायात चपला नव्हत्या, त्या तिने खाली गिरणीपाशीच काढल्या होत्या. आशा मॅडमनी कागद पुढे केला आणि त्यात काय लिहिलंय ते मराठीत सांगितलं. कुसाबाईने पूर्ण ऐकून घेतलं. अंगठ्यासाठी शाईचा डबा कुणीतरी पुढे सरकवला होता, तो तिने बाजूला केला आणि पेन मागितलं. पंधरा वर्षांत तिने फारसं लिहिलं नव्हतं. सावकाश, एकेक अक्षर जागेवर बसवत, वर सरळ रेघ ओढत तिने नाव लिहिलं. कुसाबाई मंगळू आगिवले. अक्षर वळणदार होतं. गुरुजी म्हणाले होते ते काही उगाच नव्हतं, हे मैनाने त्या दिवशी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

मंगळू बापाचं नाव, नवऱ्याचं आडनाव मेंगाळ. सासरचं आडनाव लिहायला ती विसरली होती की तिने मुद्दाम लिहिलं नव्हतं, ते कुणी विचारलं नाही.

आशा मॅडमनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. कुसाबाई बसली आणि दोन मिनिटांत उठली. “इथनं नाय दिसत,” ती म्हणाली, “लय वरून दिसतं.” ती खाली बसली. मग दोघांनी उचलून कॉम्प्युटरचा पडदा जमिनीवर एका खोक्यावर ठेवला, आणि ती बी.ए., बी.कॉम. झालेली सगळी मंडळी एकेक करून तिच्या मागे मांडी घालून बसली. रोहित सरही बसले, कडक इस्त्रीच्या पँटीत. खालची गिरणी चालू होती, जमीन थरथरत होती.

मैनाने फीत लावली. चौतीस नंबरच्या टाचा आता गप्प होत्या, दोन्ही सारख्या. “शिकला की रं,” कुसाबाई म्हणाली. मग ती डावीकडच्या दुसऱ्याकडे बघत राहिली. चार डाव झाले, पाच झाले. “ह्याचा गुडघा दुखतोय,” ती म्हणाली. “वजन टाकत नाय त्याच्यावर. कुणाला सांगितलेलं दिसत नाय पोराने. मास्तरला म्हनावं, वरडू नको, बसव त्याला जरा.” आशा मॅडम ते शब्दाला शब्द लिहून घेत होत्या.

मैनाला तेव्हा बोलावंसं वाटलं. एवढ्या लोकांसमोर बोलायचं नव्हतं, पण नंतर बोललं जाणार नाही हेही तिला ठाऊक होतं. ती वाकून हळू आवाजात म्हणाली, “आक्का, माझ्यासाठी तू जे जे केलंस ना, त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. मला शाळेत ठेवलंस, दारातून पाहुणे परत लावलेस. आज मी इथे बसते ती तुझ्यामुळे. तुझे लय उपकार आहेत माझ्यावर.”

कुसाबाईने पडद्यावरची नजर काढली नाही. आपल्यात असं बोलत नाहीत, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. कानाची पाळी तेवढी लाल झाली.

“तुला काढनार नायत ना आता?” तिने विचारलं.

“नाही आक्का. कायम केलंय.”

“मंग झालं तं,” कुसाबाई म्हणाली. “लाव पुढचा.”